बुचांचे ढीग आणि बदलता नियम: लहान मुलांना वर्गीकरण कसं शिकवावं

जून-जुलैत बालवाडीच्या दारात एक संवाद ठरलेला असतो. "आज काय शिकवलं?" "बुचं वेगळी केली." दुसऱ्या दिवशी पानं, तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचे गोल आणि चौकोन. आठवडाभरात पालकांचा धीर सुटतो. फी भरली ती बुचं निवडायला का? अंगणवाडीत फी नसते, पण आजीचा सवाल तिथेही तोच: पोर अक्षर कधी गिरवणार?

या बुचांमागे धोरण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं वयाचा एक सलग टप्पा मानला गेला, त्याला 'पायाभूत स्तर' म्हणतात. त्यात तीन वर्षं अंगणवाडी-बालवाडीची आणि दोन वर्षं पहिली-दुसरीची. २०२१ चं 'निपुण भारत' अभियान आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा त्याच वाटेवरचे. लिहिलेल्या अंकांच्या आधी वस्तू हाताळणं, त्यांचे गट करणं, त्या क्रमाने लावणं, अशी गणिताची चढण त्यांत धरलेली आहे. म्हणून सरकारी अंगणवाडी असो की इंग्रजी माध्यमाची नर्सरी, पहिल्या सत्रात वर्गीकरण असतंच. ते नीट कसं करायचं आणि कुठे बिघडतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

वर्गीकरण म्हणजे एक नियम पाळणं

घरातली धुण्याची रास बघा. धुताना रंग जाणारे कपडे वेगळे काढतो. वाळल्यावर घड्या घालताना कोणाचे कोणते ते बघतो. इस्त्रीला देताना सुती एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. बाबांचा निळा शर्ट एकच, पण तो तीन वेळा तीन वेगळ्या ढिगांत जातो. शर्ट बदलला नाही, ढीग लावायचा नियम बदलला.

वर्गीकरणात शिकायचं असतं ते एवढंच: एक नियम ठरवायचा, शेवटच्या वस्तूपर्यंत तो सोडायचा नाही, आणि वेळ आली की तो टाकून दुसरा धरायचा. रंग, आकार, लहान-मोठेपणा हे तीन नियम फक्त सुरुवातीला सोयीचे पडतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. 'मुलाला सगळे रंग येतात' आणि 'मुलाला वर्गीकरण येतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बऱ्याच शाळांच्या प्रगतिपत्रकात पहिल्यावर खूण करून दुसरं झालं असं समजतात.

इथे तीन कामांची गल्लत होते. समोर लाल बूच ठेवून "असंच दुसरं दे" म्हणणं म्हणजे जोडी लावणं. सगळी बुचं देऊन लाल इकडे, पिवळी तिकडे करायला लावणं म्हणजे गट करणं. पाच वाट्या लहानापासून मोठीपर्यंत मांडणं म्हणजे क्रम लावणं. जोडी सगळ्यात सोपी आणि क्रम सगळ्यात अवघड. तिन्ही एका दमात करायला सांगितलं की मूल गोंधळतं, आणि मोठी माणसं म्हणतात, 'याला अजून समजत नाही.'

रंग, आकार आणि लहान-मोठं हे सारखे सोपे नाहीत

रंग नजरेत लगेच भरतो, पण रंगाचं नाव उशिरा येतं. अडीच वर्षांचं मूल पिवळे मोजे बिनचूक एका ताटात टाकेल आणि लगेच "हा कोणता रंग?" विचारल्यावर "निळा" म्हणेल. त्याला रंग दिसतो आणि वेगळाही करता येतो, फक्त शब्द जागेवर बसलेला नाही. म्हणून सुरुवातीला रंगाचं नाव विचारूच नये, "यासारखं कुठे आहे?" एवढंच विचारावं. नाव आपण काम करता करता बोलावं, आणि वस्तू आधी, रंग नंतर: "हे बूच लाल आहे. हेपण लाल आहे. हे लाल नाही." मुलाची नजर आधी वस्तूवर बसते, मग तिच्या एका गुणाकडे वळते.

आकारात वेगळी गंमत आहे. भिंतीवरच्या तक्त्यात त्रिकोण कायम तळावर बसलेला आणि तिन्ही बाजूंनी सारखा असतो. त्यामुळे मुलाच्या लेखी तेवढाच त्रिकोण. तोच उलटा धरला, किंवा लांबट, काटकुळा त्रिकोण दिला, की ते म्हणतं "हा त्रिकोण नाही". चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याचा पतंग होतो. उपाय सोपा आहे. पहिल्या दिवसापासून आकार वाटेल तसे फिरवून टाकायचे आणि बोटाने कोपरे मोजायला लावायचे. चौरस आणि आयत यांतला फरक तीन-चार वर्षांच्या मुलासाठी गरजेचा नाही, दोन्हीला 'चौकोन' म्हटलं तर चालू द्यावं. तो शब्द चूक नाहीच.

लहान-मोठं हा नियम सगळ्यात फसवा. लाल बूच एकटं असलं तरी लाल असतं, पण एकटी वस्तू मोठीही नसते आणि लहानही नसते. जेवणाचा चमचा चहाच्या चमच्याशेजारी मोठा, डावाशेजारी लहान. एकच वाटी दाखवून "ही मोठी की लहान?" विचारणं म्हणजे अर्धाच प्रश्न विचारणं. दोन वस्तू शेजारी ठेवा, त्यांत ठळक फरक ठेवा आणि बाकी सगळं सारखं ठेवा: त्याच स्टीलच्या, त्याच घडणीच्या दोन वाट्या. उंच अरुंद पेला आणि बुटका रुंद डबा एकत्र आणले तर मोठा कोणता, यावर मोठ्यांचंही एकमत होणार नाही. दोन मापं पक्की झाल्यावर तिसरं आणा. 'मधला' मुलांना नेहमी अडवतो, कारण तो एकाच वेळी एकापेक्षा मोठा आणि दुसऱ्यापेक्षा लहान असतो. तिथे घाई करू नये.

सामान: किती, कोणतं आणि कशातून

इटलीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांतला गुलाबी मनोरा आजही प्रसिद्ध आहे: १ सेंमीपासून १० सेंमीपर्यंत बाजू वाढत जाणारे दहा लाकडी घन, सगळे एकाच रंगाचे. रंग एकच असल्यामुळे मुलाला मापाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. कल्पना अशी नेमकी होती, पण साधनं महाग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा पानं, बिया, दगड, शंख-शिंपले हेच साहित्य म्हणून वापरलं. तेव्हा हजारांचा लाकडी संच नाही म्हणून काही अडत नाही. सामानातली एकच गोष्ट सांभाळायची: एका वेळी एकच गुण बदलला पाहिजे.

पहिल्या संचात आठ वस्तू पुरेत: चार लाल, चार पिवळ्या, बाकी सगळ्या बाबतींत एकसारख्या. यात चूक होते ती अशी. घरात सापडतील ती झाकणं गोळा केली जातात, आणि त्यात लाल झाकणं नेमकी मोठी असतात, पिवळी लहान. मूल बरोबर गट करतं, पण रंगाने केले की मापाने, हे कळायला मार्गच उरत नाही. सुरुवातीला लाल, पिवळा, निळा एवढेच रंग घ्या. लाल, केशरी, गुलाबी एकत्र आणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. आणि हे दिवसाउजेडी करा. पिवळ्या दिव्याखाली गडद निळा, जांभळा आणि काळा भाऊ-भाऊ दिसतात.

पुढच्या टप्प्यासाठी पुठ्ठ्याचा १८ तुकड्यांचा संच घरी करता येतो: तीन आकार, तीन रंग, दोन मापं. खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर घोटीव कागद चिकटवायचा. कागद दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला तर तुकडा उलटला की तपकिरी होतो आणि मूल इमानदारीने तपकिरीचा चौथा गट करतं.

मापं मात्र विचार करून घ्यायला हवीत. बहुतेक जण सगळे लहान तुकडे ५ सेंमीचे आणि मोठे ८ सेंमीचे कापतात. त्यात ८ सेंमी बाजूच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ भरतं साधारण २८ चौरस सेंमी आणि ५ सेंमी बाजूच्या चौरसाचं २५. म्हणजे 'मोठा' त्रिकोण आणि 'लहान' चौरस हातात जवळपास सारखेच. मूल मोठा त्रिकोण लहानांच्या ढिगात टाकतं आणि आपण त्याला चूक म्हणतो, पण चूक कात्रीची असते. गोल ५ आणि ८ सेंमी व्यासाचे, चौरस ४.५ आणि ७ सेंमी बाजूचे, समभुज त्रिकोण ७ आणि ११ सेंमी बाजूचे कापा. मग सगळे लहान तुकडे २० चौरस सेंमीच्या आसपास येतात, सगळे मोठे ५० च्या आसपास, आणि तक्रारीला जागा राहत नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती काय द्यायचं नाही, हेही इथेच सांगायला हवं. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते, असं धरतात. पाण्याच्या बाटलीचं बूच साधारण ३० मिमीचं, म्हणजे ते या नळीत मावतं. तीन वर्षांखाली बुचं नकोतच. मोजे, वाट्या, बरण्यांची रुंद झाकणं, रुमाल घ्या. मणी, चिंचोके, राजमा, शेंगदाणे नाकात आणि कानात जातात, आणि कडधान्य नाकातल्या ओलीने फुगलं की निघता निघत नाही. मोठ्या मुलांना बिया द्यायच्या तर समोर बसून द्या, देताना मोजा आणि परत घेताना पुन्हा मोजा. बटणाएवढे सेल आणि लोहचुंबकाचे लहान तुकडे कुठल्याच वयाला नकोत.

प्रत्यक्ष कसं करायचं

मुलाच्या समोर न बसता शेजारी बसा, म्हणजे दोघांना एकच चित्र दिसतं. मधे परात, तिच्यात सगळ्या वस्तू, पलीकडे दोन साधी ताटं. ताटं रंगीत नकोत. लाल ताटात लाल बुचं टाकणं हे पुन्हा जोडी लावणंच झालं. प्रत्येक ताटात एकेक नमुना ठेवा. दोन-तीन वस्तू स्वतः, न बोलता, सावकाश टाकून दाखवा आणि मग परात मुलाकडे सरकवा. पाच ते दहा मिनिटं पुरे. मूल बुचांच्या गाड्या करायला लागलं की त्या दिवसाचा खेळ संपला असं समजावं.

चूक झाली तर "नाही, असं नाही" म्हणत हात धरू नका. त्या ताटातल्या सगळ्या वस्तू एका ओळीत मांडा आणि म्हणा, "बघ बरं, हे सगळे एकसारखे आहेत का?" बहुतेक वेळा चुकलेली वस्तू मूल स्वतःच उचलतं. नाही उचलली तर वस्तू परातीत परत. उद्या बघू.

दोन गट सहज व्हायला लागले की तीन करा. मग नमुने काढून टाका, आता नियम मुलाने डोक्यात धरायचा आहे. त्यानंतर मुद्दाम एक खोडी करा: लाल-पिवळ्यांत एकच हिरवं बूच टाका. कुणी ते परातीतच ठेवतं, कुणी आपल्याकडे परत देतं, कुणी तिसरं ताट मागतं. तिन्ही उत्तरं चांगली आहेत. ते गुपचूप पिवळ्यांत सरकवलं गेलं तर नियम अजून कच्चा आहे.

यानंतर येतं सगळ्यात बोलकं काम. १८ तुकड्यांची परात द्या आणि एवढंच म्हणा, "तुला हवे तसे गट कर." झालं की विचारा, "हे एकत्र का ठेवलेस?" लहान मुलं इथे अनेकदा साखळी करतात: लाल गोल, त्याला लाल चौकोन, त्याला निळा चौकोन, त्याला निळा त्रिकोण. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याशी जुळतो, पण सगळ्यांना धरणारा नियम नाही. काही मुलं गट न करता घरच बांधतात, चौकोनावर त्रिकोण ठेवून. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बेर्बेल इन्हेल्डर यांनी मुलांच्या वर्गीकरणाचा अभ्यास करताना ही दोन्ही रूपं पाहिली आणि त्यांना वाढीची पायरी मानलं. तेव्हा घर बांधलं म्हणून पाठ फसला असं समजू नये.

नियम बदलला की घोळ का होतो

आता एक प्रयोग, मानसशास्त्रात गाजलेला आणि घरीही करता येणारा. दोन खोकी घ्या, एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. मुलाला पत्ते द्यायचे लाल सशांचे आणि निळ्या होड्यांचे. पहिला खेळ रंगाचा: लाल सगळे होडीच्या खोक्यात, निळे सशाच्या. तीन वर्षांचं मूल हे करतं. मग सांगायचं, "आता रंगाचा खेळ नाही, चित्राचा खेळ. ससे सशाकडे, होड्या होडीकडे." तीन वर्षांची बरीच मुलं तरीही रंगानेच टाकत राहतात. नवल म्हणजे मधेच विचारलं, "चित्राच्या खेळात ससा कुठे जातो?" तर खोकं बरोबर दाखवतात, आणि पुढचाच लाल ससा पुन्हा लाल होडीत टाकतात. नियम कळलेला असतो, पण हात जुन्या नियमाच्या ओढीतून सुटत नाही. फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हा प्रयोग मांडला. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलं यातून पार होतात.

म्हणून चार वर्षांखालचं मूल नियम बदलल्यावर अडलं तर तो हट्ट नाही आणि दुर्लक्षही नाही. मदत कशी करायची? आधीचे ढीग तसेच ठेवून नवा नियम सांगू नका, सगळं परातीत परत ओता. ताटांची जागा बदला. नवा नियम मुलाकडूनच वदवून घ्या, आणि प्रत्येक तुकडा टाकण्याआधी त्याला नव्या नियमाचं नाव मोठ्याने म्हणायला लावा: "गोल." "गोल." "चौकोन." आपण 'लाल गोल' म्हणायचं नाही. त्यातला 'लाल' पुन्हा जुन्या ढिगाकडे ओढतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी याच परातीतून पुढे जाता येतं. "मोठे आणि लाल, दोन्ही असलेले दे." "लाल नसलेले सगळे दे." 'नसलेले' हे दिसतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण त्या ढिगात निळं आणि पिवळं एकत्र नांदतं. मग गटांतली बुचं शेजारी शेजारी सरळ रांगांत लावा आणि कोणती रांग लांब ते विचारा. हाच पुढे पाठ्यपुस्तकात येणारा चित्रालेख, फक्त जमिनीवर मांडलेला.

एका प्रश्नाची मात्र घाई करू नका. सहा झेंडू आणि दोन शेवंती ठेवून विचारलं, "झेंडू जास्त की फुलं जास्त?" तर सहा वर्षांचं मूलही अनेकदा "झेंडू" म्हणेल. झेंडू हे फुलांतलेच, म्हणजे लहान गट मोठ्या गटाच्या पोटात असतो, ही समज साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास पक्की होते.

"हे खेळच झाले, लिहायला कधी शिकवणार?"

नुसती बुचं निवडून गणित येत नाही, हे आधी मान्य करू. मोजणं, बोलणं, गोष्टी, रेघोट्या हे सगळं सोबत लागतं. पण व आणि ब, घ आणि ध, भ आणि म यांतला फरक किती असतो? एखादी रेघ, एखादी गाठ. बाकी सगळं सारखं असताना नेमका एक फरक धरायचा, ही सवय परातीत लागते. पेन्सिल हातात देण्याआधी ती लागलेली बरी.

"घरात मूल शेंगा निवडतं, तेवढं पुरे नाही का?"

पुरे आहे, त्यात बोलणं घाला. मटार सोलताना टरफलं इकडे, दाणे तिकडे. धुतलेले चमचे आणि डाव वेगळे. मोज्यांच्या जोड्या. ओला कचरा आणि सुका कचरा तर रोजचाच, आणि तिथे नियम रंगाचा किंवा आकाराचा नसून 'कुजेल की नाही' असा, म्हणजे वरच्या इयत्तेचा. फक्त "हे इथे का टाकलंस?" हा प्रश्न विसरू नका. आणि कधीतरी नियम बदला: काल मोजे माणसांप्रमाणे लावले, आज रंगाप्रमाणे.

"मोबाइलवर असे खेळ आहेत की"

आहेत. तिथे वस्तू चुकीच्या खोक्यात सोडली की आवाज होतो आणि ती परत येते. मूल आवाज येईपर्यंत सगळी खोकी चाचपत राहतं आणि शेवटी शाबासकी मिळवतं. नियम त्याने ठरवलेला नसतो, आणि 'का ठेवलंस' हे विचारणारंही कोणी नसतं. वजन, खडबडीतपणा, थंड स्टील यातलं काही काचेवर येत नाही. आजीकडे जाताना बसमध्ये चालेल, पण परातीच्या जागी नको.

"रंग सारखे चुकतात, डोळ्यांत काही दोष असेल का?"

नाव चुकतंय की जोडी चुकतेय, ते आधी बघा. नाव चुकतं पण लालशी लाल बरोबर जुळतं, तर ते भाषेचं काम, वेळ द्या. पण दिवसाउजेडी, तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, लाल, हिरवा आणि तपकिरी यांची सरमिसळ होत असेल आणि निळा-पिवळा मात्र बिनचूक निघत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे दाखवावं. लाल-हिरव्याच्या रंगांधळेपणाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून तो मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त आढळतो. अशा मुलाला वर्गात आकाराचे आणि मापाचे खेळ बरोबरीने खेळता येतात. रंगाच्या तुकड्यांवर रेघा किंवा ठिपके काढून दिले की तेही जमतात.

पंचवीस मुलं आणि एक ताई

अंगणवाडीतली खरी अडचण ही आहे. पंचवीस मुलांना एकच परात दिली तर पुढची चार मुलं काम करतात आणि बाकीची बघतात किंवा भांडतात. त्यापेक्षा पाच जणांचा एक गट ताईंजवळ परातीपाशी, बाकीचे मदतनिसांबरोबर चित्रं, माती, गाणी यांत. रोज एक गट, म्हणजे आठवड्यात सगळ्यांची पाळी येते. ताटांऐवजी जमिनीवर खडूने गोल काढले किंवा सुतळीची कडी ठेवली तरी भागतं.

सगळ्यांनी एकदम करायचं वर्गीकरण दारातच पडलेलं असतं: चपला. पट्ट्याच्या आणि बिनपट्ट्याच्या. मग त्याच चपला लहान-मोठ्या. मग रंगाने. तीन नियम झाले, सामान एकच, खर्च शून्य, आणि घरी जाताना कोणाची चप्पल कोणी नेली हा रोजचा तंटाही कमी होतो.

नोंद ठेवताना 'रंग येतात' अशी खूण करण्यापेक्षा मुलाचं वाक्य लिहून ठेवावं: तारीख, त्याने स्वतः निवडलेला नियम आणि 'का' विचारल्यावर दिलेलं उत्तर. जूनमध्ये "असंच" म्हणणारं मूल डिसेंबरात "हे सगळे टोकवाले आहेत" म्हणायला लागलं, तर पालकसभेत दाखवायला तेवढं पान पुरतं.